दहा मिलिमीटरची चोरी

मापसाहेबांच्या मोटरसायकलच्या मागच्या टायरकडे साडूंनी एकदा वाकून पाहिलं, "हा सायकलचा बसवलाय का हो?" एवढंच विचारलं आणि चहाला घरात गेले. चहा झाला, गप्पा झाल्या, साडू आपल्या धिप्पाड मोटरसायकलवर बसून धडधडत निघूनही गेले. मापसाहेब मात्र जिन्याखाली आपल्या गाडीमागे उकिडवे बसून राहिले. अकरा वर्षं ज्या टायरच्या जिवावर ते ऑफिसला जात होते, तो आज पहिल्यांदाच त्यांना हडकुळा दिसला. साडूंचा टायर असा होता की त्यावर माणसाने आडवं होऊन डुलकी काढावी. आपल्या टायरवर मापसाहेबांना मांजरसुद्धा नीट झोपलेलं दिसेना.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते आणि हे नाव बाजारपेठेने त्यांना दिलं होतं. दुकानदारांचे तराजू आणि कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायच्या, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. चोवीस वर्षांत त्यांनी दिलेली एकही नोटीस कधी मागे घ्यावी लागली नव्हती. ऑफिसात प्रत्येक निरीक्षकाचं एक रजिस्टर असे. त्यातला शेवटचा रकाना 'मागे घेतलेल्या नोटिसा' हा होता, आणि मापसाहेबांच्या पानांवर त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यंच शून्यं होती. काही लोक मुलाबाळांचे फोटो पाकिटात बाळगतात. मापसाहेब महिन्यातून एकदा ते रजिस्टर उघडून बघत आणि मग दिवसभर त्यांचा आवाज जरा भारदस्त लागे.

तर अशा माणसाला कुणी सायकलचा टायर म्हणावं हे सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ते थेट चौकापलीकडच्या टायरच्या दुकानात हजर झाले. टायरवाले म्हणजे एक सडपातळ, हळू बोलणारा माणूस. समोरचा बोलायला लागला की आपलं वाक्य अर्ध्यावर ठेवून थांबायची त्यांना सवय. त्यांनी गाडी पाहिली, मागणी ऐकली आणि अदबीने सांगितलं की साहेब, या रिमला नव्वदचा टायर लागतो, एकशेवीसचा घालायचा म्हटलं तर रिमसुद्धा... मापसाहेबांनी पुढचं होऊ दिलं नाही. टायरवर छापलेला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खिशातून सरकारी शिक्क्याची पितळी पट्टी काढली, गाडीमागे बैठक मारली आणि ज्या लोखंडी चिमट्यात मागचं चाक बसतं त्याच्या आतली जागा मोजली. एकशे सव्वीस. टायर एकशेवीस. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर शिल्लक. आता यात बोलण्यासारखं काय उरलं?

टायरवाले मुकाट्याने कामाला लागले. टायर रिमवर चढायला राजी नव्हता. त्याला दोन पहारी, साबणाचं पाणी आणि टायरवाल्यांचा गुडघा एवढं सगळं लागलं. चढला तो साखळीच्या कव्हरला घासायला लागला, म्हणून कव्हर काढून पिशवीत घातलं. मडगार्डला लागला, म्हणून मडगार्ड वर उचलून तारेने बांधलं. हे सगळं झाल्यावर मापसाहेब चार पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि आपल्या गाडीकडे मागून पाहिलं. गाडीला एकदम खानदान आल्यासारखं वाटत होतं.

घरी आल्यावर त्यांनी ती जिन्याखाली बाजूच्या स्टँडवर लावली आणि बायकोला बघायला बोलावलं. पण नवा टायर रुंद होता तसा उंचही होता. गाडी मागून वर उचलली गेली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा जास्त कलली होती. बायको खाली येईपर्यंत ती आणखी कलली आणि बायकोचा पाय शेवटच्या पायरीवर पडायच्या सुमारास अगदी सावकाश, कुणावर राग नसल्यासारखी, आडवी झाली. तळमजल्यावर निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. आवाज ऐकून ते बाहेर आले, परिस्थिती पाहिली आणि आत जाऊन अर्धी वीट घेऊन आले. ही स्टँडखाली ठेवायची, म्हणाले. तेव्हापासून ती अर्धी वीट मापसाहेबांच्या ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी राहायला लागली. दिवसातून सहा ठिकाणी ती काढायची, सहा ठिकाणी परत भरायची. एका पोलादी तराजूच्या दुकानात तपासणीला गेले असताना त्यांनी चुकून कागदपत्रांऐवजी वीटच काउंटरवर ठेवली. दुकानदाराची पाचावर धारण बसली. हे वजनाचं काहीतरी नवीन प्रमाण निघालं असणार अशी त्याची समजूत झाली.

पण खरी गंमत वळणावर होती. सरळ रस्त्याला गाडी अशी चालायची की विचारता सोय नाही. जड, ठाम, शांत. वळण आलं की मात्र तिला काहीतरी वाटायला लागायचं. मापसाहेब हँडल वळवत, अंग कलवत, आणि गाडी थोडा वेळ तशीच सरळ जात राही, जणू अर्ज पोचला आहे आणि विचाराधीन आहे. मग जोर लावला की ती एकदम कलायची, घाबरून सोडलं की ताडकन उभी राहायची. चौकातल्या गोल वर्तुळाला वळसा घालून तिसऱ्या रस्त्याने ऑफिसला जायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. आता वळसा घेताना गाडी बाहेर बाहेर सरकत जाई आणि पहिल्याच रस्त्याला लागे. क्वचित फार प्रयत्न केला तर दुसऱ्या. तिसऱ्याला लागण्याचा योग आठवड्यातून एखादा. जो रस्ता मिळेल त्याने पुढे जायचं आणि लांबून फिरून ऑफिस गाठायचं, असा परिपाठ झाला.

याचा एक परिणाम मात्र कुणाच्याच डोक्यात आला नसता. ज्या गल्ल्यांत मापसाहेबांनी वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं, तिथे ते सकाळी पावणेदहाला उगवायला लागले. भाजीवाले, भंगारवाले, रॉकेलच्या मापाचे दुकानदार, सगळ्यांना वाटलं अचानक तपासणी सुरू झाली. साहेब दिसले की तराजूची पारडी पुसली जायची. आता आलोच आहोत म्हणून मापसाहेबही थांबून दोन-चार मापं बघत आणि एखाद-दुसरी नोटीस देत. महिनाअखेरीला मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुमच्या अचानक भेटी दुपटीवर गेल्या आहेत, वरपर्यंत कळवतो. मोठे साहेब हे उत्साही गृहस्थ होते आणि वरपर्यंत कळवण्याचा त्यांना छंद होता. मापसाहेबांनी मान तुकवली. गाडी वळत नाही हे काही त्यांनी सांगितलं नाही.

घरी मात्र कौतुक करणारं कुणी नव्हतं. त्यांची बायको शिवणवर्ग चालवायची आणि रोज सकाळी त्यांच्या मागे बसून वर्गाला जायची. साखळीचं कव्हर गेल्यामुळे तिच्या प्रत्येक कपड्यावर घोट्याच्या उंचीला तेलाची एक काळी रेघ उमटायला लागली. त्यात ती बसायची ताठ. तिच्या कामात शिवण सरळ जाणं हाच धर्म. वळणावर मापसाहेब कलले की ती उलट्या बाजूला कलायची, तोल सांभाळायला. मास्तरांनी हे खिडकीतून पाहिलं आणि त्यांना शिकवल्याशिवाय राहवेना. त्यांनी जिन्याच्या भिंतीवर खडूने एक अरुंद टायर काढला, एक रुंद काढला, दोन्ही कललेले दाखवले आणि समजावलं की अरुंद टायर नाण्यासारखा सहज कलतो, रुंद टायर पिंपासारखा, त्याला कलायचं जिवावर येतं. तेव्हा कलायचं काम माणसांनी करायचं, दोघांनी, एकाच बाजूला, एकाच वेळी. आकृती इतकी सुबक होती की पुढे भिंतीला रंग देतानाही ती कुणी पुसली नाही.

मग रोज संध्याकाळी हॉलमध्ये दोन स्टुलं एकामागे एक मांडून सराव सुरू झाला. पुढच्या स्टुलावर मापसाहेब, मागच्यावर बायको, समोर खुर्चीत मास्तर. मास्तर "डावीकडे" म्हणाले की दोघांनी डावीकडे कलायचं. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी वर्गावरून परत येताना, आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, मापसाहेब "डावीकडे" म्हणाले, बायको मनापासून डावीकडे कलली, मापसाहेब कलले, आणि गाडी काही क्षण विचार करून ताडकन उभी राहिली आणि सरळ मास्तरांच्या मेंदीच्या कुंपणात शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बायको उतरली, केसांतली मेंदीची पानं काढली, पर्स झटकली.

"उद्यापासून मी चालत जाईन," ती म्हणाली. "तुम्ही जात राहा सरळ."

ती खरोखर चालत जाऊ लागली. मापसाहेबांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले. गॅरेजचा मिस्त्री मितभाषी होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागचा टायर अंगठ्याने दाबला आणि सांगितलं की टायर जाड आहे म्हणून वळत नाही, पुढचं चाक निघतं आणि मागचं म्हणतं थांब, जुना टायर लावा. एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

जुना टायर लावणं शक्य नव्हतं. येत्या रविवारी साडू येणार होते. शिवाय निदान तरी कसलं? जाड आहे म्हणजे किती जाड, हे त्या माणसाने मोजलंही नव्हतं. मापसाहेबांना अंदाजाने बोलणाऱ्यांची चीड होती. त्यांनी तिथेच पितळी पट्टी काढली, गॅरेजमधले दोन काटकोनी गुण्ये दोन बाजूंना धरले आणि बसवलेल्या टायरची रुंदी मोजली. मग पुन्हा मोजली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजली. टायरवर ठळक एकशेवीस छापलं होतं आणि टायर भरत होता एकशेदहा.

पुढचा विचार मापसाहेबांच्याच डोक्यात यावा असा होता. मिस्त्री म्हणतो टायर रुंद आहे म्हणून गाडी वळत नाही. पण टायर तर छापलेल्यापेक्षा अरुंद आहे. याचा अर्थ दोष रुंदीत नाही, दोष मापात आहे. माप खोटं, म्हणून माल खोटा, म्हणून गाडी खोटी, म्हणून बायको पायी. चोवीस वर्षांत ज्याच्या हातून अर्धा ग्रॅमही निसटला नाही, त्याला भर बाजारात दहा मिलिमीटरला फसवलं होतं. रागापेक्षा जास्त त्यांना आनंदच झाला, कारण इतके दिवस चूक आपली असेल की काय ही शंका मनात घर करून होती.

त्याच दिवशी नोटीस गेली. टायरवाल्यांच्या दुकानातले एकशेवीसचे एकोणतीस टायर सुतळी बांधून सीलबंद झाले. नियमाने एवढंच पुरे होतं. पण मोठ्या साहेबांनी फाईल वाचली आणि त्यांना भरतं आलं. टायरची रुंदी आजवर कुणी तपासलीच नव्हती. एकशेवीस खोटे तर नव्वद खरे कशावरून, असं म्हणून त्यांनी सुनावणी होईपर्यंत सबंध दुकानालाच सील ठोकायचा हुकूम काढला आणि वरपर्यंत कळवलं. टायरवाल्यांनी लेखी उत्तर दिलं, चार ओळींचं. माप कंपनीचं आहे, मी फक्त चढवतो आणि हवा भरतो, दुकान उघडायची परवानगी मिळावी, आपला विश्वासू. मोठ्या साहेबांनी त्यावर 'सुनावणीस ठेवावे' असा शेरा मारला. सुनावणी आठ दिवसांनी होती.

या आठ दिवसांत मापसाहेबांना ते दुकान टाळायचं होतं. पण गाडी वर्तुळातून ज्या पहिल्या रस्त्याला लागायची, तो नेमका त्याच दुकानावरून जात होता. रोज सकाळी पावणेदहाला, इच्छा असो नसो, ते तिथून जात. बंद शटरसमोर जुन्या टायरांच्या चळतीवर टायरवाले बसलेले असत. साहेब दिसले की उठून उभे राहत. पाचव्या दिवशी मापसाहेबांनी सगळं अंग उजवीकडे टाकून पाहिलं, गुडघा बाहेर काढला, दात आवळले. तरी गाडी त्याच रस्त्याला लागली. टायरवाले उठून उभे राहिलेच.

रविवारी साडू आले ते एका छोट्या स्कूटरवर. मापसाहेब जिन्याखाली गाडी पुसून, विटेवर उभी करून, मागची बाजू दाराकडे करून तयारीत होते. साडूंनी टायर पाहिला आणि चुकचुकले. मोठी गाडी विकली म्हणाले. वळायचीच नाही हो. दर वळणाला घाम फुटायचा, बायकोने बसणं सोडलं. एवढं सांगून ते चहाला घरात गेले. मापसाहेब पुन्हा एकदा जिन्याखाली उकिडवे बसून राहिले, पण या वेळी टायरकडे बघवेना.

सुनावणी मंगळवारी होती. सोमवारी संध्याकाळी मापसाहेब शिवणवर्गात गेले. हल्ली ते बायकोला आणायला चालत जात. मुली घरी गेल्या होत्या आणि बायको एका उशीला खोळ घालत होती. खोळ अरुंद शिवली गेली होती, उशी मोठी होती. तिने कोंबून कोंबून ती आत घातली, बटणं लावली आणि टेबलावर ठेवली. मापसाहेब समोरच बसले होते. उशी फुगून उंच झाली होती आणि अंगाने निमुळती दिसत होती.

बायको म्हणाली की बघा, एवढी मोठी उशी, पण खोळीचं तोंड बारीक म्हणून रुंदी गेली आणि फुगली वर. दुसऱ्या खोळीत घातली की परत पसरेल. ती हे शिवणाबद्दल बोलत होती. मापसाहेबांनी हातातला पाण्याचा पेला मात्र खाली ठेवला. त्यांनी उशी मोजली. तिथल्याच टेपने. मग बायकोला ती रुंद खोळीत घालायला लावली आणि पुन्हा मोजली.

"उशी तीच ना?" त्यांनी विचारलं.

"तीच. का?"

ते उठले, घरून गाडी काढली आणि गॅरेजकडे गेले. मिस्त्री आवरून निघायच्या बेतात होता. मापसाहेबांनी त्याला हात जोडले. भंगारातून एक रुंद रिम काढून घेतला, आपल्या चाकावरचा टायर उतरवून त्यावर चढवून घेतला, हवा भरून घेतली आणि पितळी पट्टी लावली. एकशेवीस. ना केसभर कमी, ना केसभर जास्त. त्यांच्या अरुंद रिमने टायरला कमरेत आवळून धरलं होतं, म्हणून तो दहा मिलिमीटर आकसला होता आणि वर फुगला होता, आणि गाडी का रडत होती तेही त्यातच आलं. माप खरं होतं. माल खरा होता. चोर सापडला होता आणि तो पितळी पट्टी घेऊन गॅरेजच्या ओट्यावर बसला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मिस्त्रीशिवाय हे कुणाला ठाऊक नाही आणि मिस्त्री वर्षाला चार वाक्यं बोलतो, हेही सांगितलं. रजिस्टरातल्या रकान्याचाही विषय निघाला. चोवीस वर्षं, एक सबंध रकाना, त्यात शून्याखेरीज एकसुद्धा आकडा नाही. बायको ऐकून घेत होती.

"उद्या काय सांगणार?" तिने विचारलं.

"बघू."

"बघू नका. सांगा."

मंगळवारी मापसाहेब पायी ऑफिसला गेले, एका हातात अरुंद रिम, दुसऱ्या हातात टायर चढवलेला रुंद रिम. तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत रुंद रिम दोनदा निसटून खाली गेला आणि दोनदा शिपायाने तो परत वर आणून दिला. केबिनमध्ये मोठे साहेब होते आणि खुर्चीच्या कडेवर टायरवाले. सगळ्यात चांगला शर्ट घालून आले होते. मापसाहेबांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. उशीचं उदाहरण दिलं. रुंद रिमवरचा टायर मोजून दाखवला. मग सगळ्यांना बाजूला सारून तो उतरवायला आणि अरुंद रिमवर चढवायला घेतला, पण पहारी नव्हत्या, तेव्हा टायरवालेच खाली बसले आणि त्यांनी गुडघा लावून तो चढवला. शिपायाने खालून पायपंप आणून हवा भरली. मापसाहेबांनी पट्टी धरली. एकशेदहा.

"माझं चुकलं," मापसाहेब म्हणाले. "नोटीस मागे घ्यायची."

मोठे साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि प्रेमाने समजावलं. फाईल वरपर्यंत गेली आहे. वरून कौतुक आलं आहे. नोटीस मागे घेतली तर निरीक्षकाचं चुकलं असा अर्थ होतो आणि निरीक्षकाचं चुकलं असं लिहायला या नमुन्यात जागाच नाही. कारणं तीनच छापलेली आहेत. दुकानदाराने गुन्हा मान्य केला, तडजोड झाली, किंवा साक्षीदार गैरहजर. आता तुम्ही असं करा, ते म्हणाले, अर्धा तास खाली जाऊन चहा घेऊन या. मोजणारे साक्षीदार तुम्हीच. तुम्ही गैरहजर म्हणून मी प्रकरण निकाली काढतो. दुकान आज उघडेल. तुमच्या रकान्यात शून्य राहील. हे गृहस्थ घरी जातील. कुणाचंच काही बिघडणार नाही.

मापसाहेबांना खरं सांगायचं तर ते पटलं. अगदी मनापासून पटलं. ते दारापर्यंत गेलेही. चहाची टपरी खिडकीतून दिसत होती. पण कडीला हात लावताना त्यांनी सहज विचारलं की साक्षीदार गैरहजर म्हणून निकाली निघालं तर दुकानदाराच्या खात्यावर काय राहतं. मोठे साहेब म्हणाले, काही नाही, 'आरोप सिद्ध होऊ शकला नाही', एवढंच. त्याने काय होतंय?

टायरवाले तेव्हा खाली बसून टायरची हवा सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण हात थांबले होते, हे मापसाहेबांनी पाहिलं.

ते परत फिरले. त्यांनी फाईल ओढून घेतली, मोठ्या साहेबांच्याच टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि छापील तीन कारणांच्या खाली, समासात, एक चौथा रकाना आखला. मोजून आखला, बाकीच्या तिघांएवढाच. त्यात लिहिलं, 'निरीक्षकाचे मोजण्यात चुकले. माल व माप दोन्ही बरोबर.' खाली सही केली. मग आपलं रजिस्टर मागवलं आणि शून्यांच्या त्या लांबलचक रांगेखाली '१' हा आकडा घातला. घालताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याची त्यांना लाजही वाटली. मोठे साहेब हताश होऊन खिडकीबाहेर बघत होते. वरपर्यंत हे कसं कळवायचं, या विवंचनेत ते पुढचे दोन आठवडे राहिले.

टायरवाल्यांनी ती फाईल हातात घेऊन वाचली. मग परत वाचली. नंतर म्हणाले, साहेब, याची नक्कल मिळेल का. मापसाहेबांना वेगळीच भीती वाटली. दुकानात काउंटरवर काच लावून ठेवणार की काय, आणि ज्या बाजारात चोवीस वर्षं आपण शिक्के मारत फिरलो, तिथला प्रत्येक माणूस ती येता-जाता वाचणार की काय. लोकांना दाखवायला हवी आहे का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"लोकांना नाही साहेब. बायकोला," टायरवाले म्हणाले. "आठ दिवस रोज विचारतेय, तुम्ही नक्की काय केलंत. काहीच केलं नाही म्हटलं तर म्हणते, मग दुकानाला सील कसं लागलं. माझ्या तोंडचं तिला पटेना."

मापसाहेब खाली बसले. नकलेचा अर्ज, त्याची मुदत, त्याचा नमुना, काही न विचारता त्यांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने सगळं उतरवायला सुरुवात केली. 'निरीक्षकाचे मोजण्यात चुकले' इथे आल्यावर ते थांबले. वहिनींना चष्मा आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, पण घरात बरेचदा सापडत नाही, टायरवाले म्हणाले. तेव्हा मापसाहेबांनी ती ओळ जरा मोठ्या अक्षरात काढली.